सगळ्यांना चालेल असा बेत

दिवाळीत वेगवेगळ्या समाजांतली माणसे एकाच घरी जेवायला येणार असली की स्वयंपाकघरातली पहिली चर्चा बहुधा एकाच वाक्यावर संपते: साधे शाकाहारी करू, म्हणजे सगळ्यांना चालेल. हे वाक्य उच्चारणाऱ्याचा हेतू नेहमीच चांगला असतो. कुणाला दुखवू नये, वेगळे काढू नये, उपाशी पाठवू नये. पण मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर यांसारख्या शहरांतल्या एखाद्या इमारतीतले शेजारी, कचेरीतले सहकारी, मुलांचे मित्र आणि सूनबाईंच्या माहेरची मंडळी अशी खरीखुरी यादी समोर ठेवली, तर त्या वाक्याचा टिकाव लागत नाही. यादीत एक गुजराती जैन कुटुंब आहे, एक दाऊदी बोहरा व्यापारी आहे, एक पारशी बाई आहे, केरळचे ख्रिस्ती दांपत्य आहे, नांदेडहून आलेला अमृतधारी शीख आहे, परदेशातून सुटीवर आलेली आणि दूध-तूपही सोडलेली भाची आहे. या सर्वांना एकाच ताटात, एकाच वेळी, एकसारखे वाढून चालेल असा बेत नसतोच. मला म्हणायचे आहे ते हे की त्या बेताचा शोध सोडून द्यावा. यजमानाने आपल्या घरचेच सणाचे जेवण करावे. मात्र त्यात काय पडले आहे, ते कधी आणि कोणत्या भांड्यात झाले आहे, हे पाहुण्याला न विचारता कळेल अशी सोय करावी. नियोजन म्हणून जे करायचे ते बहुतेक एवढेच, आणि ते वाटते तितके सोपे नाही.

आधी ‘साधे शाकाहारी’ तपासून पाहू. मराठी घरात साधे म्हणजे बटाट्याची भाजी, मसालेभात, काकडीची दह्यातली कोशिंबीर, वरणभात, पुऱ्या आणि श्रीखंड. नियम पाळणाऱ्या जैन पाहुण्याला यातली बटाट्याची भाजी कंदमूळ म्हणून बाद. मसालेभातात कांदा-लसूण नसला तरी ओले आले किसून टाकलेले असते, तेही चालत नाही. सुंठ चालते, वाळवलेली हळद चालते. दिवाळी जैनांच्या चातुर्मासात पडते, कारण तो कार्तिकी पौर्णिमेपर्यंत असतो. त्या काळात अनेक कुटुंबे पालेभाज्या सोडतात, म्हणजे भातावर हौसेने पेरलेल्या कोथिंबिरीचाही प्रश्न येतो. कच्चे दही आणि डाळ एकत्र येऊ देऊ नये, असा आणखी एक नियम आहे. त्यामुळे वरणाशेजारची कोशिंबीर आणि श्रीखंड ही दोन्ही, एरवी निर्दोष वाटणारी, अडचणीची ठरतात. एवढे सगळे सांभाळले तरी वेळेचा प्रश्न उरतोच. लक्ष्मीपूजन प्रदोषकाळी, सूर्यास्तानंतर होते आणि पाहुण्यांना बोलावणे त्यानंतरचे असते. मुंबईत दिवाळीच्या सुमारास सहा-सव्वासहाला सूर्य मावळतो. सूर्यास्तानंतर काहीच न घेण्याचा चौविहार पाळणारा माणूस आठ वाजता तुमच्या घरी येतो तेव्हा त्याला पाणीसुद्धा नको असते. तो हसून सोफ्यावर बसतो, आणि यजमानीणबाईंना वाटते की आपल्या हातचे त्याला आवडले नाही.

जैनांचे उदाहरण आधी घेतले कारण ते सर्वांना थोडेफार ठाऊक असते. कमी ठाऊक असलेल्या गोष्टी इतरत्र आहेत. मुसलमान पाहुण्याला शाकाहारात अडचण काय, असे विचारले जाते. पदार्थात बहुधा काहीच नाही. पण देवापुढे नैवेद्य दाखवलेले अन्न काहीजण सहज खातात, काहीजण श्रद्धेमुळे टाळतात, आणि सणाच्या दिवशी आपल्याकडे पहिला घास देवाचाच असतो. यावर तोडगा फार साधा आहे: नैवेद्याचे पान वेगळे काढावे, तेवढ्यालाच नैवेद्य दाखवावा आणि पातेली त्यापासून दूर राहू द्यावीत. बऱ्याच घरांत तसे होतेच, फक्त ते पाहुण्याला कळत नाही. पारशी मंडळींना खाण्याची बंधने जवळपास नाहीत असा समज आहे, आणि तो बऱ्याच अंशी खराही आहे. तरी दर महिन्यातले बहमन, मोहोर, गोश आणि राम हे चार रोज अनेकजण मांसाविना काढतात. परदेशातून आलेल्या भाचीला हिरव्या ठिपक्याचा उपयोग नाही, कारण आपल्या कायद्याने अंडे हिरव्या ठिपक्यात बसत नसले तरी दूध, तूप, मध बसतात. आणि गव्हाने आजारी पडणारा कुणी यादीत असेल, तर तांदूळ आणि डाळींच्या भाजणीची चकली त्याला चालेल असे आपण छातीठोकपणे सांगतो, पण त्यात घातलेल्या हिंगाच्या डबीवरचे बारीक अक्षर वाचत नाही. बाजारातला बहुतेक हिंग डिंक आणि पीठ मिसळून केलेला असतो, आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचे असते.

मग शाकाहाराचा हट्ट सोडून सामिष बेत करावा, तर तिथेही सर्वांचे एक मटण नाही. मुसलमान पाहुण्याला हलाल लागते. अमृतधारी शिखाला तेच वर्ज्य, त्यांच्या रहित मर्यादेत त्याला कुठ्ठा म्हणतात. कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजातल्या कुटुंबाला मांस त्यांच्या पद्धतीने कापलेले हवे, कोळंबी-खेकडा नको, कारण खवले आणि पर नसलेला जलचर त्यांना चालत नाही, आणि मांसाबरोबर दूध तर मुळीच नको. म्हणजे मटणानंतर श्रीखंडाची वाटी पुढे करणे हे त्यांच्या दृष्टीने मटणापेक्षा मोठे संकट. या समाजाने काढलेली वाट पाहण्यासारखी आहे. अलिबाग-रेवदंड्याच्या बाजूला तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून ज्यांना शनवार तेली म्हटले जाई, त्या लोकांनी आसपासच्या कोकणी स्वयंपाकातला नारळ उचलला. रस्सा नारळाच्या दुधात झाला, आणि गव्हाच्या चिकाचा सणाचा हलवाही नारळाच्या दुधातच होऊ लागला. दुधाचा नियम पाळला गेला आणि जेवण पूर्णपणे कोकणातले राहिले. शेजाऱ्यांसारखे खायचे की आपले नियम पाळायचे, यातले एक निवडायची वेळच त्यांनी येऊ दिली नाही. गावगाड्यातही अशी एक व्यवस्था होती. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ या १९१५ च्या ग्रंथात ज्या मुलाण्याचे वर्णन येते, तो गावातला बकरा कापण्याचा हक्कदार. हिंदूंच्या जत्रेतला बकराही त्याच्या हातून कापला जाई. ज्याचा नियम त्या पायरीवर सर्वांत कडक, त्याच्या हाती ती पायरी दिली की पुढे बाकीच्यांना खाता येते, इतका व्यवहारी हिशोब त्यामागे दिसतो. त्या गावगाड्यात जातीची उतरंड पुरेपूर होती आणि तिची आठवण काढून हळवे होण्याचे कारण नाही. पण पाहुण्यांचा बेत आखताना त्यातली ही एक युक्ती घेण्यासारखी आहे.

म्हणून माझा कल फराळाकडे आहे, आणि तो केवळ चवीमुळे नाही. जागतिक बुफे मांडणाऱ्या यजमानाला वाटते की बोहऱ्यांसाठी बिर्याणी, केरळवाल्यांसाठी अप्पम, गुजरात्यांसाठी उंधियू असे ज्याचे त्याला दिले म्हणजे पाहुणचार झाला. त्यात पाहुणा आपल्याच घरच्या पदार्थाची दुय्यम नक्कल खातो, आणि ज्या सणाला त्याला बोलावले त्या सणाचे काहीच त्याच्या ताटात येत नाही. मराठी दिवाळीला आलेल्या माणसाला करंजी आणि चकली हवी असते. आणि फराळाची रचनाच अशी की त्यातले पदार्थ एकमेकांत मिसळत नाहीत. चिवड्याचे पातेले वेगळे, लाडवांचा डबा वेगळा, शेवेची परात वेगळी. प्रत्येक जिन्नस कोरडा, आधी केलेला आणि सुटा उचलता येणारा. लसणाची शेव एकाने टाळली म्हणून दुसऱ्याची करंजी बाटत नाही. कांदा-बटाटा यांची मुळात गरज नाही, आणि साधारण तूप, साखर, बेसन, रवा, पोहे, तीळ, खोबरे यांच्या पलीकडे फारसे काही लागत नाही. वेळेचा प्रश्नही सुटतो, कारण हा खाण्याचा प्रकार अभ्यंगस्नानानंतरच्या सकाळचा आहे. लक्ष्मीपूजनाच्या रात्रीऐवजी पाडव्याच्या सकाळी नऊ वाजता बोलावले तर चौविहार आडवा येत नाही, मांसाचा विषय निघत नाही आणि जेवणावळीइतका पसाराही पडत नाही. पाडवा शनिवारी, बेने इस्राएलांच्या काम बंद ठेवण्याच्या दिवशी आला, तरी आगीवर शिजवायला काही उरलेले नसते.

गोव्यात नरकचतुर्दशीच्या सकाळी हेच तत्त्व अधिक मोकळेपणाने दिसते. तिथे एकाच पोह्यांचे अनेक प्रकार होतात: दुधातले फोव, ताकातले फोव, नारळाच्या रसात गूळ घालून केलेले फोव, तिखट फोडणीचे फोव. दूध न घेणाऱ्याला रसातले आहेत, गोड नको त्याला तिखट आहेत, आणि कुणासाठी वेगळे काही रांधले असे वाटायलाही जागा नाही. नाताळात उलट दिशेने ताटे निघतात. ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या कुसवारात दोदोल, बेबिंका, कुलकुलांच्या जोडीला नेवऱ्या असतात, आणि नेवरी म्हणजे दिवाळीतली करंजीच. बेबिंकात अंडी असतात हे हिंदू शेजाऱ्याला ठाऊक असते, म्हणून तो ती उचलतो किंवा उचलत नाही. यात कुणी कुणाला समजुतीचे व्याख्यान दिलेले नाही. शेजाऱ्याच्या पदार्थात काय असते एवढे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. शहरातल्या यजमानाकडे ही शेजारपणाची माहिती नसते, आणि ती भरून काढायची तर दोनच वाटा आहेत, आधी विचारणे आणि वाढताना सांगणे.

विचारणे म्हटले की पहिला आणि सर्वांत गंभीर आक्षेप येतो. महाराष्ट्रात ‘तुम्ही नॉनव्हेज खाता का?’ हा प्रश्न निरागस नाही. भाड्याच्या घरापासून लग्नाच्या बोलणीपर्यंत तो जात काढण्याचा आडमार्ग म्हणून वापरला गेला आहे. ज्याला तो आयुष्यभर विचारला गेला, त्याला आमंत्रणाबरोबर पुन्हा तोच ऐकवणे हा कसला पाहुणचार, असे कुणी म्हटले तर ते खोटे नाही. इथे जेवण आणि जात यांची गाठ किती घट्ट होती, हे आठवायला फार मागे जावे लागत नाही. १८४९ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेचे सभासद जातिबंधन तोडल्याची खूण म्हणून परधर्मीयाच्या हातचा पाव खात, पण गुपचूप; सभासदांची नावे फुटतील या धास्तीनेच ती सभा पुढे मोडली. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे पुढे आली. काहींनी चहा घेतला, काहींनी नुसता पेला स्वीकारला. गोपाळराव जोशी यांच्या खटपटीने हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’मध्ये छापून आली आणि त्या एका चहापायी ग्रामण्य उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, टिळक आणि रानडे यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या वादातून जावे लागले. ज्या समाजात चहाच्या पेल्याची नोंद ठेवली जात होती, तिथे जेवणाआधीच्या चौकशीचा संशय येणे स्वाभाविक आहे.

पण या आक्षेपाने विचारण्याची रीत बदलावी लागते, विचारणे थांबत नाही. न विचारणाराही अंदाज बांधतोच, आणि तो आडनावावरून बांधतो. जोशी म्हणजे शाकाहारी, शहा म्हणजे जैन, शेख म्हणजे बिर्याणी. आडनावावरून काढलेला अंदाज हा जातीची चौकशीच आहे, फक्त तोंडाने न केलेली. त्यापेक्षा सर्व पाहुण्यांना, अगदी सख्ख्या मावशीलाही, एकाच शब्दांत निरोप जावा: जेवणात काही टाळता का, पथ्य-उपास-ॲलर्जी काही आहे का, किती वाजेपर्यंत जेवता. यात माणूस कोण आहे हे विचारलेले नाही, त्याच्या ताटात काय नको एवढेच विचारले आहे, आणि कारण सांगण्याची सक्ती नाही. मधुमेहाची मावशी आणि चौविहाराचे शेजारी एकाच प्रश्नाला उत्तर देतात, त्यामुळे कुणा एकाकडे बोट दाखवल्यासारखे होत नाही. उत्तर ‘काहीही चालते’ असे आले तरी ते पुरते खरे मानू नये. आपल्याकडे सभ्य माणसाचे पहिले उत्तर तेच असते.

दुसरा आक्षेप शाकाहाराच्या बाजूने असतो, आणि तो मी वर अर्धाच खोडला आहे. कुणी म्हणेल, जैन बारकावे सोडा, निदान शाकाहारात कुणाचा धर्म तर बुडत नाही. मांस न वाढणे ही सर्वांत कमी त्रासाची जागा आहे. व्यवहार म्हणून हे मान्य. पण ती जागा तटस्थ आहे, हे मान्य नाही. २०१४ च्या नमुना नोंदणी पाहणीत महाराष्ट्रातले पंधरा वर्षांवरचे सुमारे ४० टक्के लोक शाकाहारी निघाले, म्हणजे उरलेले ६० टक्के नाहीत. अनेक मराठी घरांत भाऊबीजेचा बेत सामिषच असतो. तरी ‘मराठी सणाचे जेवण’ म्हणून पुस्तकांत, मासिकांत आणि हॉटेलांच्या थाळ्यांत जे दिसते ते एका लहान वर्गाच्या स्वयंपाकघरातून आलेले आहे. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ च्या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलित स्वयंपाकाची नोंद केली, तेव्हा त्या नावापासूनच त्यांनी हा दावा उलटून टाकला होता. म्हणून ज्या घरात मांस शिजत नाही त्या घराने ते न शिजवणे अगदी योग्य आहे, पाहुण्यासाठी आपला चुलीचा नियम मोडावा असे माझे मुळीच म्हणणे नाही. फक्त ‘आमच्याकडे शिजत नाही’ हे ‘आमच्याकडे’ म्हणूनच सांगावे. ‘सणाला ते बरे दिसत नाही’ असे म्हटले की समोरच्या पाहुण्याच्या घरचा सण कमअस्सल ठरतो. आणि ज्या घरात भाऊबीजेला मटण असते, त्याने मिश्र पाहुण्यांच्या भीतीने ते लपवू नये. वेगळी चूल, वेगळा डाव, वेगळे टेबल एवढी शिस्त पुरते.

तिसरा आक्षेप लंगराचा. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात कुणालाही काही विचारत नाहीत, पंगतीत बसवतात, डाळ-रोटी वाढतात आणि सगळे जेवतात. मग घरातच एवढे शास्त्र कशाला? लंगराची थोरवी कबूल करूनच म्हणावे लागते की ती संस्था आहे, घर नाही. तिथे येणारा तिचा नियम मान्य करून येतो आणि कांदा चालत नसलेला जैन यात्रेकरू न जेवता निघाला तरी कुणाचे मन मोडत नाही. घरी बोलावलेल्या माणसाने न जेवता जाणे ही वेगळी गोष्ट आहे. आणि घरात एक गोष्ट असते जी लंगरात नसते, आग्रह. जिलबी आणखी दोन, अहो एकच घ्या, माझी शपथ. मराठी पंगतीचे हे भूषण मिश्र पाहुण्यांत शिक्षा होते. कारण न सांगता नकार देण्याची जी वाट पाहुण्याने धरलेली असते, ती आग्रह बंद करतो. मग त्याला भर पंगतीत आपला उपास, आजार किंवा धर्म उलगडून सांगावा लागतो. स्नेहाचा अर्थ घरोघरी इतका निराळा असतो की आग्रह कुठे करावा याचाही भरवसा धरता येत नाही. दाऊदी बोहरा घरात एका मोठ्या थाळाभोवती सात-आठ माणसे बसतात, चिमूटभर मिठाने सुरुवात होते, गोड आधी येते आणि सर्वांचे हात त्याच थाळात असतात. एका थाळात जेवणे हाच तिथला जिव्हाळा. ज्या घरात उष्ट्याचा विचार कडक आहे, त्या घरचा माणूस तिथे अवघडतो. उलट आपल्या घरी प्रत्येकाला वेगळे ताट मिळाले की बोहरा पाहुण्याला ते थोडे परके वाटू शकते. यात कुणाचेच चुकलेले नाही. पदार्थ मध्ये मांडून, डाव पातेल्यात ठेवून, ज्याचे त्याला घेऊ देणे ही त्यातल्या त्यात सोपी तडजोड.

‘हल्ली सगळ्यांनाच ॲलर्जी असते’ असे कुरकुरत म्हणणाऱ्यांना मी वेगळे उत्तर देऊ इच्छिते. श्रद्धेचा नियम मोडला तर पाहुणा दुखावतो. शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असलेल्या मुलाच्या ताटात दाण्याचे कूट गेले तर रुग्णालय गाठावे लागते. मराठी स्वयंपाकात कूट कोशिंबिरीपासून भाजीपर्यंत कुठेही असते आणि चिवड्यात दाणे तर हवेतच. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तिळाचीही नोंद प्रमुख ॲलर्जींत सक्तीची झाली. तिथे दिवाळी करणाऱ्या मराठी मंडळांना चकली-चिवड्यासमोर चिठ्ठी लावणे आता नवलाचे राहिलेले नाही. परदेशी फराळ पाठवणाऱ्यांना तर आणखी एक गोष्ट ठाऊक हवी: संयुक्त अरब अमिराती आणि सिंगापूर या देशांत खसखस प्रतिबंधित आहे, आणि अनारशाची एक बाजू खसखशीनेच माखलेली असते. दुबईतल्या लेकीला प्रेमाने पाठवलेला डबा विमानतळावर अडकू शकतो. अशा वेळी अनारसे तिथेच, खसखशीविना करावेत.

या सगळ्यावरचा जो आक्षेप मला सर्वांत जड वाटतो तो तत्त्वाचा नाही, श्रमाचा आहे. निरोप पाठवणे, उत्तरे लक्षात ठेवणे, दोन तेले, दोन डाव, चिठ्ठ्या, वेळेचे गणित हे बहुतेक घरांत एकाच बाईच्या डोक्यावर पडते, आणि समावेशक पाहुणचाराचे कौतुक मात्र दिवाणखान्यात बसलेल्याच्या वाट्याला जाते. यावर माझ्याकडे एकच उत्तर आहे, आणि ते हौशी सुगरणींना आवडणार नाही: पदार्थ कमी करा. दहा प्रकारांचा फराळ ही पाहुण्याची गरज नसते. निरोप आणि चिठ्ठ्यांचे काम घरातल्या पुरुषाने आणि मुलांनी करावे, त्याला स्वयंपाक येण्याची अट नाही. विकतचे घ्यायचे तर बचत गटाला किंवा दुकानाला तीन गोष्टी विचाराव्यात: तेल कोणते, हिंगात काय, आणि लसूण शेव त्याच कढईत तळली का. बेसनाचा लाडू तुपातला, चकली तेलाच्या मोहनाची, करंजी सुक्या खोबऱ्याची आणि दाणे वेगळ्या वाटीत काढून ठेवलेला, लसणाविना चिवडा, एवढ्या चार पदार्थांत वरची सगळी यादी जेवून उठते. भाचीला लाडू आणि करंजी चालत नाहीत, कारण करंजीच्या पारीतही तूप असते. तिच्यासाठी गुळाच्या पाकात तिळाच्या वड्या थापाव्यात. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेले मूल येणार असेल तर त्या दिवशी दाण्याची वाटीसुद्धा टेबलावर नको.